डिस्नीचं होम रिसॉर्ट कुठलं घ्यायचं: किडानी, बे लेक टॉवर की साराटोगा?

आधी आमचं सांगते, म्हणजे पुढचं का लिहिलंय ते कळेल. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा पावणेदोनचा, आणि वर्षाआड पुण्याहून कुणाचे ना कुणाचे आईबाबा सहा महिने येऊन राहतात. डिस्नी व्हेकेशन क्लब म्हणजे डीव्हीसी, फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डमधल्या रिसॉर्टमध्ये ठरावीक सालापर्यंत दरवर्षी राहायचा हक्क एकदम विकत घ्यायची टाइमशेअर योजना, ती घ्यायची का यावर आमच्याकडे दोन वर्षं चर्चा चालली होती, त्यातलं पहिलं वर्ष तर नवरा टाइमशेअर शब्द ऐकला की उठून भांडी घासायला जायचा. त्याचंही अगदीच चुकीचं नव्हतं म्हणा, कारण सासऱ्यांनी फार पूर्वी एका मॉलमध्ये कूपन भरलं, मग लकी ड्रॉ लागला म्हणून फोन आला, जोडीने या, जेवण फुकट, आणि तीन तासांनी बाहेर पडले तेव्हा हातात कुठल्याशा हॉलिडे कंपनीची पंचवीस वर्षांची मेंबरशिप. हवी ती तारीख एकदाही मिळाली नाही. फुकट मिळालेला डिनर सेट अजून माळ्यावर आहे.

तर ती तारीख मिळणं न मिळणं, डीव्हीसीतही सगळा खेळ त्याचाच आहे आणि होम रिसॉर्टचा अर्थही तोच. रूमच्या रात्री पॉइंटमध्ये मोजतात, घेतलेले पॉइंट दरवर्षी नव्याने वापरायला मिळतात. हे पॉइंट तुम्ही एका ठरावीक रिसॉर्टचे विकत घेता, ते तुमचं होम. तिथलं बुकिंग तुम्हाला ११ महिने आधी करता येतं, बाकीच्या रिसॉर्टचं ७ महिने आधी. मधले चार महिने फक्त त्या घरच्या लोकांचे. म्हणजे होम नसलं तरी जाता येतं, पण घरच्यांनी खाऊन उरलेलं तुमच्या पानात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे शिक्षकांचं अधिवेशन असतं, शाळांना गुरुवार शुक्रवार सुट्टी, आणि अख्खं न्यू जर्सी उठून डिस्नीला जातं, तिथे त्याला जर्सी वीकच म्हणतात. पोरं शाळेत नाहीत तोवर सप्टेंबरात जा, जानेवारीच्या शेवटी जा, कोण विचारतंय, पण मुलगी किंडरगार्टनला गेली की आपण त्याच रांगेत. त्यामुळे निवडताना आत्ताचं वय बघू नका, पाच वर्षांनी कुठल्या सुट्टीत आणि किती माणसांनी जाणार ते बघा, हे आम्हाला खूप उशिरा सुचलं.

आमच्या यादीत शेवटी तीन उरली. अॅनिमल किंगडम लॉजमधलं किडानी व्हिलेज, मॅजिक किंगडम या मुख्य पार्कच्या शेजारचं बे लेक टॉवर, आणि साराटोगा स्प्रिंग्ज. विकत घेण्याआधी आम्ही दुसऱ्या मेंबरचे पॉइंट भाड्याने घेऊन एकाच ट्रिपमध्ये तीन रात्री किडानी आणि तीन रात्री बे लेक असं राहिलो, पॉइंटला विसेक डॉलर पडतात, आणि माझं ऐकाल तर तुम्हीही आधी हेच करा.

बे लेक टॉवरचा सगळा जीव एका गोष्टीत आहे. मॅजिक किंगडममधून चालत दहा मिनिटांत रूमवर. कागदावर हे वाचताना मला वाटायचं की ठीक आहे, बाकीच्यांना बस आहेच की. मग रात्री फटाके संपल्यावर त्या बसच्या रांगेत उभं राहिलं की कळतं. डिस्नीच्या बसमध्ये स्ट्रोलर घडी करून चढावं लागतं. म्हणजे झोपलेलं पोर उचलायचं, एका हाताने स्ट्रोलरखालची पाण्याची बाटली, डायपरची पिशवी, मिकीचा फुगा काढायचा, दुसऱ्या हाताने ती खटकी दाबायची जी घरी पटकन बसते आणि तिथे कधीच बसत नाही, आणि मागे चाळीस माणसं. धाकटा उठला. तो उठला म्हणून मोठी रडली. बे लेकला राहिलो तेव्हा त्याच वेळी तोच स्ट्रोलर ढकलत आम्ही चालत निघालो, तो लिफ्टपर्यंत झोपलेला होता आणि बेडवर टाकला तेव्हाही झोपलेला होता. दुपारच्या झोपेचंही तेच, साडेबाराला बाहेर पडायचं, जेवण, झोप, चारला परत पार्कात. मोनोरेल शेजारच्या कंटेम्पररी हॉटेलमध्येच आहे, मधे पूल आहे, आणि मोनोरेलमध्ये स्ट्रोलर उघडाच नेता येतो.

वन बेडरूमला दोन पूर्ण बाथरूम, पाच जण झोपतात, पूर्ण किचन, वॉशर ड्रायर. करार २०६० पर्यंत. आता उणं सांगते. स्टुडिओ लहान आहे, चौघांची सोय आहे म्हणतात पण दोन सुटकेस उघडल्या की जमीन दिसत नाही. पॉइंट जास्त लागतात. पार्क दिसणाऱ्या रूमला तर बरेच, आणि स्वस्तातला स्टँडर्ड व्ह्यू ११ महिन्यांच्या दिवशीच उडतो, सकाळी ८ वाजता लॉगिन करून बसायचं, आयआरसीटीसीच्या तत्काळसारखं. रिसेलमध्येही, म्हणजे जुन्या मेंबरकडून घेतला तरी, साराटोगापेक्षा पॉइंट बराच महाग.

किडानीचं उलटं. तिथून चालत कुठेच जाता येत नाही, अॅनिमल किंगडम पार्कलासुद्धा बसनेच. बाकी पार्कं लांब आहेत, आणि बिल्डिंग इतकी लांबलचक की लॉबीपासून आमच्या रूमपर्यंत सासऱ्यांनी मधे दोनदा खुर्ची शोधली. हे सगळं खरं आहे. पण पहिल्या दिवशी सकाळी सहाला मी चहा घेऊन बाल्कनीत आले तर सासूबाई आधीच शाल गुंडाळून बसलेल्या, तोंडावर बोट ठेवून मला गप्प करतात, आणि कठड्याच्या पलीकडे, आपल्या सोसायटीत समोरची बिल्डिंग असते ना तितक्या अंतरावर, जिराफ. मागे झेब्रे. मुलगी उठून आली, पाच मिनिटं एक अक्षर बोलली नाही, जे आमच्या घरात होत नाही, आणि मग सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आजी, तो शी करतोय. त्या दिवशी आम्ही पार्कलाच गेलो नाही. तिकीटाचा दिवस वाचला हा माझा हिशोब, नवरा म्हणतो वाया गेला.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर किडानीसारखं काही नाही, कारण पार्कात त्यांना रोज ओढून न्यायचं पाप लागत नाही, आम्ही तिकडे आणि ते इकडे बाल्कनीत खूश. खाली सना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे नान आणि त्याबरोबर चटण्या, रायतं असं सगळं मिळतं. आपल्याकडच्या चवीचं नाही, पण चार दिवस पिझ्झा बघितलेल्या शाकाहारी माणसाला ते काय वाटतं ते आमच्या सासूबाईंना विचारा. वन बेडरूमला इथेही दोन बाथरूम आणि पूर्ण किचन, इमारतीच्या खालीच झाकलेलं पार्किंग. पूलला एका बाजूने उतार आहे, धाकटा त्यात तासभर बसून राहिला. करार २०५७ पर्यंत. फक्त एक लक्षात ठेवा, सव्हाना, म्हणजे ते प्राण्यांचं कुरण, दिसणारी रूमच घ्यायची. पार्किंगकडे तोंड केलेली रूम घेऊन किडानीला राहणं म्हणजे महाबळेश्वरला जाऊन खोलीत टीव्ही बघणं.

साराटोगा स्वस्त आहे, आणि मी हे नाव ठेवायला म्हणत नाहीये. रिसेलला पॉइंट शंभर डॉलरच्या आसपास मिळतो, रूमलाही कमी पॉइंट लागतात, २०५४ पर्यंत चालतं, डिस्नी स्प्रिंग्ज या दुकानं आणि खाण्यापिण्याच्या भागात चालत किंवा बोटीने जाता येतं. खूप पसरलेलं आहे, बस आतल्या आतच बरेच थांबे घेते, त्यामुळे काँग्रेस पार्क भागातली प्रिफर्ड रूम घेतली तर बरं. वन बेडरूमला बाथरूम एकच. बरेच लोक साराटोगा घेतात ते तिथे राहायला नाहीच, स्वस्तात पॉइंट घ्यायचे आणि ७ महिने आधीचं बुकिंग उघडलं की दुसरीकडे घुसायचं. सप्टेंबरात हे छान जमतं. जर्सी वीकला किंवा ख्रिसमसला साराटोगाच्या पॉइंटवर बे लेकचा स्टुडिओ मिळेल या भरवशावर आजीआजोबांची पुण्याहून तिकीटं काढू नका, एवढंच.

बाकीच्यांचं भराभर. ओल्ड की वेस्ट सगळ्यात पहिलं, १९९१ चं, रूम सगळ्यात मोठ्या, पण बहुतेक इमारतींना लिफ्टच नाही, गुडघे दुखणारं कुणी असेल तर विषय संपला. रिव्हिएरा नवीन, २०१९ चं, स्कायलायनरने, म्हणजे रोपवेने, एपकॉट पार्कला जाता येतं आणि त्यातही स्ट्रोलर उघडा चालतो, पण रिसेलला घेतलंत तर ते पॉइंट फक्त रिव्हिएरातच वापरता येतात, मग पुढे तुमच्याकडून कोण घेणार. पॉलिनेशियन मला मनापासून आवडतं, स्टुडिओत पाच जण मावतात, दोन बाथरूम असल्यासारखी रचना, मोनोरेल आहे, प्रत्येक रूममधून नाही तरी किनाऱ्यावरून फटाके दिसतात. तिथे २०२४ च्या डिसेंबरपर्यंत एकतर स्टुडिओ नाहीतर पाण्यावरचे महागडे बंगले एवढंच होतं, आता नवीन टॉवरमध्ये वन आणि टू बेडरूम आहेत. किंमत बघून आम्ही मागे आलो, तुमचं बजेट असेल तर नक्की बघा.

आणि बीच क्लब. वाळूच्या तळाचा पूल, एपकॉट चालत, करार मात्र २०४२ ला संपतो म्हणून लोक नाक मुरडतात. मला हे कळलं नाही. २०४२ ला माझी मुलगी एकवीसची असेल, तेव्हा ती आईबाबांबरोबर मिकीला भेटायला येणार आहे का? २०५७ पर्यंतचा करार म्हणजे मी साठी ओलांडलेली आणि दरवर्षी मेंटेनन्सचे ड्यूज भरतेय, जे दरवर्षी वाढतात. लहान मुलांच्या घराला छोटा करार उलट सोयीचा, फक्त तो त्या मानाने स्वस्त मिळाला पाहिजे. आणि तिथेच घोडं अडतं, बीच क्लबला मागणी इतकी की तेवढा स्वस्त तो मिळत नाही.

आता पैसे. सोळाशे गोष्टी वाचून झाल्यावर आमचा हिशोब एका पानावर आला तो असा. १६० पॉइंट. स्टुडिओपेक्षा वन बेडरूमला साधारण दुप्पट पॉइंट लागतात, म्हणजे दरवर्षी आठवडाभर वन बेडरूम १६० मध्ये बसत नाही. पण पॉइंट पुढच्या वर्षात टाकता येतात, त्याला बँकिंग म्हणतात, आणि पुढच्या वर्षातून उसनेही घेता येतात. तर एक वर्ष साठवायचे, दुसऱ्या वर्षी आजीआजोबा आले की वन बेडरूममध्ये आठवडा. बँकिंग मात्र तुमच्या युज इयरच्या, म्हणजे तुमचे पॉइंट ज्या महिन्यात मिळतात तिथून सुरू होणाऱ्या वर्षाच्या, पहिल्या आठ महिन्यांतच करावं लागतं, ती तारीख फ्रिजवर लावा. ड्यूज पॉइंटमागे साडेआठ डॉलर धरले तरी १६० चे वर्षाला १,३६० होतात, जा नाहीतर न जा, आणि रिसॉर्टगणिक आकडा बदलतो, किडानीचे साराटोगा आणि बे लेकपेक्षा जास्त आहेत. ही रक्कम दरवर्षी टोचणार नसेल तरच पुढे जा. कर्ज काढून तर अजिबात नको, त्या व्याजात एक ट्रिप निघते.

डिस्नीकडून थेट घेतलं तर पॉइंटला दोनशे डॉलरच्या वर, रिसेलला किडानी आणि साराटोगा त्याच्या निम्म्याच्या आसपास. असे जुन्या रिसॉर्टचे पॉइंट रिसेलला घेणाऱ्यांना ते रिव्हिएरा आणि त्यानंतरच्या नवीन रिसॉर्टमध्ये वापरता येत नाहीत, मेंबरच्या काही सवलतीही नाहीत. आम्हाला त्याने काही फरक पडत नव्हता. थेट घेतलंच आणि घरी येऊन पोटात गोळा आला तर फ्लोरिडाच्या कायद्याने दहा दिवसांत रद्द करता येतं, लेखी कळवून. ज्यांचं परत भारतात जायचं चाललंय त्यांनी हेही बघा की हा फ्लोरिडातल्या मालमत्तेतला हिस्सा आहे, तिकडे गेल्यावर विकायला काढलात तर परदेशी विक्रेता म्हणून विक्रीच्या रकमेतले १५ टक्के टॅक्ससाठी अडकतात, रिटर्न भरून मग जे परत मिळायचं ते मिळतं. जायच्या आधी विका नाहीतर पॉइंट भाड्याने देत बसा.

तर आम्ही काय केलं. मी बे लेकच्या बाजूने होते, त्या बसच्या रांगेमुळे. नवऱ्याने, जो उठून भांडी घासायला जायचा त्याने, एक साधी गोष्ट विचारली, स्ट्रोलर अजून किती वर्षं आहे? फार तर तीन. आणि आईबाबा अजून किती वर्षं विमानात चढतील? त्याचं उत्तर आम्ही दोघांनीही दिलं नाही. किडानी घेतलं, रिसेलला, १६० पॉइंट. स्ट्रोलरची तीन वर्षं मॅजिक किंगडमच्या रात्री सरळ उबर करणार आहोत, त्यातही स्ट्रोलर घडी करावाच लागतो पण मागे चाळीस माणसं नसतात. तुमच्याकडे आजीआजोबा येणार नसतील आणि पोरं तीनच्या आतली असतील तर मी अजूनही बे लेकच सांगेन.

रिसेलचा करार करून कागद पाठवले की डिस्नी आधी स्वतः ते विकत घ्यायचं का बघते, तो हक्क त्यांचा असतो, महिनाभर कळत नाही. आमच्या बाबतीत तो हक्क परवा सोडला त्यांनी. सासूबाईंना फोन केला तर पहिला प्रश्न, बाल्कनी तीच मिळेल ना? नाही मिळणार, रूम तेच ठरवतात, विनंती फक्त करता येते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.