एक लिटरचा स्टीलचा फ्लास्क: तीन महिने वापरल्यानंतर

आईला पहाटे तीन-साडेतीनला खोकल्याची उबळ येते आणि तेव्हा तिला घोटभर चांगलं गरम पाणी लागतं. घरात फ्लास्क होता, तरी मी उठून पाणी तापवायचे, कारण रात्री दहाला भरलेलं ९५ अंशांचं पाणी सकाळी सहाला ४४ अंशांवर आलेलं असायचं. भरल्यावर तो बाहेरून हाताला गरम लागायचा. दुखणं तिथेच होतं. दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली होती, फटीत हवा शिरली होती आणि त्या हवेतून उष्णता बाहेर येत होती.

नवीन फ्लास्क आणला आणि पहिल्या आठवड्यात डिजिटल थर्मामीटर घेऊन रोज मोजलं. खोली साधारण २५ अंशांवर. तेच ९५ अंशांचं पाणी, तेच आठ तास, आणि सकाळी ७८. फ्लास्क आधी उकळत्या पाण्याने विसळून घेतला तर ८०, कारण आतली थंड भिंत तापण्यात जाणारी उष्णता वाचते. हे दोन अंश फुकट मिळतात, सोडू नका.

अर्धाच भरला तर मात्र ६६. हे लक्षात ठेवाच. बाहेर गळणारी उष्णता जवळपास तेवढीच राहते, पण साठा निम्मा होतो. म्हणून एका माणसापुरतं पाणी ठेवायचं असेल तर मोठा फ्लास्क अर्धा भरण्यापेक्षा लहान घेऊन काठोकाठ भरलेला बरा.

दुकानात सगळे भिंतींबद्दल बोलतात, मला मात्र या फ्लास्कचा गळा आवडला. भिंतींचं काम सरळ आहे: वहनाला (उष्णता पदार्थातून पुढे सरकणं) आणि अभिसरणाला (तापलेली हवा किंवा पाणी फिरून उष्णता नेणं) पदार्थ लागतो, पोकळीत तो जवळजवळ नसतो. उरतं प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपाने जाणारी उष्णता, त्याला भिंतीचा चकचकीत पृष्ठभाग बराचसा परत पाठवतो. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये अशी दुहेरी भिंतीची बाटली केली ती अतिथंड द्रव सांभाळण्यासाठी. उष्णता आत येऊ द्यायची नसो की बाहेर जाऊ द्यायची नसो, युक्ती एकच. पण आतली आणि बाहेरची भिंत कुठेतरी जोडावीच लागते, आणि ती जोडतात गळ्याशी. धातूतून जाणारा रस्ता तेवढाच. तिथे स्टेनलेस स्टीलचा पत्रा असतो हे आपलं नशीब: तांब्याची उष्णतावाहकता ४०० वॅट प्रति मीटर केल्व्हिनच्या आसपास, या पोलादाची जेमतेम १५. गळा अरुंद आणि पत्रा पातळ असेल तर वाट आणखी चिंचोळी होते. माझ्या फ्लास्कमध्ये नेमकं तेच केलंय.

दुसरी जागा बूच. याचं बूच जाड आहे आणि आत फोम भरलाय. हवेची वाहकता ०.०२५ च्या आसपास, पाण्याच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे हवा अतिशय दुर्वाहक. मोकळी सोडली तर ती तापून वर जाते, गार होऊन खाली येते आणि उष्णता वाहून नेते. फोमच्या बारीक कप्प्यांत कोंडली की तिला फिरताच येत नाही. म्हणूनच मी बटण दाबून ओतायचं झाकण घेतलं नाही. सोय असते, पण आत स्प्रिंग आणि पोकळ नळी, आणि ते साफ करणंही जिकिरीचं.

फ्लास्क आडवा ठेवू नका. उभा असताना पाणी आणि बूच यांच्यामध्ये हवेचा थर असतो. आडवा केला की गरम पाणी थेट बुचाला आणि गळ्याला भिडतं. एका रात्री आडवा ठेवून पाहिला, सकाळी ७४.

तक्रारी दोन. गळ्यातून हात आत जात नाही, त्यामुळे लांब दांड्याचा ब्रश लागतोच. आणि बुचाच्या रबरी कड्याला पहिले आठ-दहा दिवस वास होता. ते काढून गरम पाण्यात भिजवलं तेव्हा गेला.

तुम्ही घ्याल तेव्हा घरी आणल्याबरोबर उकळतं पाणी भरा, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरून सगळीकडे हात फिरवा. बुचाजवळ थोडी ऊब असणारच. पोटाला किंवा बुडाला गरम लागलं तर त्याच दिवशी बदलून आणा.