नेचर पॉवर की टेरेन पल्स?

पोकेमॉन गेममधल्या या दोन्ही मूव्ह, म्हणजे लढाईतले डाव, रणभूमी बघून रंग बदलतात. रुबी-सफायर या गेमपासूनची नेचर पॉवर चक्क दुसरी मूव्ह होते: इलेक्ट्रिक टेरेनवर (टेरेन म्हणजे रणभूमीवर काही काळ पसरणारा खास प्रभाव) थंडरबोल्ट, मिस्टीवर मूनब्लास्ट. खरी गंमत पुढे आहे. ती स्टेटस मूव्ह (थेट हल्ला नसलेली) धरली जाते, त्यामुळे प्रँकस्टर ही स्टेटस मूव्ह आधी करू देणारी क्षमता असलेला पोकेमॉन तोच थंडरबोल्ट समोरच्याच्या आधी हाणतो! मात्र स्टेटस मूव्ह रोखणारा टॉन्ट बसला की सगळं ठप्प.

टेरेन पल्स टॉन्टला जुमानत नाही. तिची ताकद एरवी जेमतेम 50. टेरेनवर दुप्पट, आणि टाइपही (हल्ल्याचा प्रकार) बदलतो. पण वापरणाऱ्याचे पाय जमिनीला हवेत, उडणाऱ्यांना उपयोग नाही. पल्स मूव्हची ताकद वाढवणारी मेगा लाँचर क्षमता असलेल्या क्लॉविट्झर या पोकेमॉनच्या हाती ती भयंकरच. तरी माझं मत नेचर पॉवरलाच. सोर्ड-शील्ड या गेममध्ये ती वापरता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.