तगालोगचे नऊ महिने : काय वापरलं, काय सोडलं, आईपर्यंत किती पोचले

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे आईची भाषा तगालोग शिकण्याचा हा अनुभव कुणाच्या उपयोगाचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. माझी आई फिलिपिन्सची. बातांगास प्रांतातलं लेमेरी हे तिचं गाव, बालायान उपसागराच्या काठावर, ताल ज्वालामुखीच्या पश्चिमेला. बाबा गुहागरचे. दोघंही कुवेतला नोकरीला होते, ती नर्स आणि ते स्टोअरकीपर. तिथेच लग्न झालं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि पुढच्या काही आठवड्यांत ही दोघं इतर हजारो लोकांबरोबर अम्मानला पोचली, तिथून विमानाने मुंबईला. मी १९९२ ची. जन्म ठाण्याचा, शाळा मराठी, घरातही मराठीच. तगालोग माझ्या कानावर दोनच वेळा पडायची: आई फोनवर असली की, आणि मे महिन्यात तिला उकडलं की. पदराने वारा घेत ती म्हणायची, "माबानास, माबानास." मला तेवढा एकच शब्द येत होता.

तिने शिकवलं का नाही, असं लोक विचारतात. मी बालवाडीत असताना शाळेतल्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं होतं, की घरात एकच भाषा बोला, मुलगी गोंधळतेय. आईने ते आज्ञेसारखं पाळलं. त्यात तिचं मराठीही तेव्हा नवीन. तगालोगमध्ये 'तो' आणि 'ती' असा भेद नाही, दोघांनाही 'सिया'. त्यामुळे "बाबा आली", "आत्या गेला" असं तिच्या तोंडून निघायचं आणि चाळीतली मुलं हसायची. हसणाऱ्यांत मीही होते, हे मला आज लिहितानाही लागतं. हळूहळू ती कमी बोलायला लागली, दोन्ही भाषांत.

१२ जानेवारी २०२० ला तालचा उद्रेक झाला. लेमेरी रिकामं करायला लागलं. माझी लोला, म्हणजे आईची आई, नातेवाइकांकडे बातांगास शहरात गेली. आई रात्रभर फोनवर होती आणि मी शेजारी बसून होते. "आबो, आबो" एवढंच कळत होतं, तेही नंतर तिने सांगितलं म्हणून: आबो म्हणजे राख. माझ्याच आजीच्या घरावर राख पडत होती आणि मला ते दुसऱ्याकडून समजावून घ्यावं लागत होतं. शिकायचं त्या रात्री ठरलं. पैसे भरायला आणि वेळ काढायला मात्र पाच वर्षं गेली. गेल्या जूनपासून सुरुवात केली, त्याला आता नऊ महिने झाले.

काय काय वापरलं ते सांगते. एक अ‍ॅप, वर्षाची वर्गणी भरून. एक ऑनलाइन शिक्षिका, मनिलाजवळच्या केसोन शहरातल्या, आठवड्याला एक तास. आणि त्यांच्याच ओळखीने महिन्यातून एकदा भरणारा गप्पांचा वर्ग, जगात कुठेही वाढलेल्या फिलिपिनो मुलामुलींसाठी.

अ‍ॅपबद्दल लवकर उरकते. पहिले सहा आठवडे ते बरं वाटलं. रोज पंधरा मिनिटं, तीनेकशे शब्द झाले, आकडे झाले. (किंमत आणि वेळ सांगायला स्पॅनिश आकडे चालतात हे मात्र त्यात नव्हतंच. तीन वाजले म्हणजे 'आलास त्रेस', 'तात्लो' नव्हे.) पण मोठी अडचण वाक्यांची. ते सतत 'आको आय कुमाकाइन' अशी वाक्यं शिकवतं. व्याकरणात बरोबर आहे, पण हे 'आय' घातलेलं वाक्य पुस्तकातलं, प्रवचनातलं. घरात माणसं क्रियापद आधी टाकतात: 'कुमाकाइन आको'. मी ऑगस्टमध्ये लोलाला व्हिडिओ कॉलवर अ‍ॅपचं वाक्य म्हणून दाखवलं, तेव्हा मामेबहीण म्हणाली की चर्चमधले फादर वाचतात तसं वाटलं. म्हणजे आपल्याकडे कुणी जेवताना फोन घेऊन "मी भोजन करीत आहे" म्हणावं तसं. दुसरं म्हणजे आघात. 'बासा' म्हणजे वाचन आणि शेवटावर जोर दिला की 'ओला'. 'पुनो' म्हणजे झाड, तोच शब्द शेवटावर जोर देऊन म्हटला की 'भरलेला'. लिहिताना या खुणा सहसा करत नाहीत, आणि अ‍ॅपमधला यंत्राचा आवाज दोन्ही सारखेच म्हणायचा. ऑक्टोबरमध्ये ते बंद केलं. पाचपैकी दोन.

शिक्षिकांना मात्र पाचपैकी पाच. तासाला साधारण आठशे रुपये पडतात आणि ते मी आनंदाने देते. मनिला आपल्यापुढे अडीच तास, म्हणून शनिवारी सकाळी साडेसातला बसते, तेव्हा तिथे दहा झालेले असतात. पहिल्याच तासाला त्यांनी मला दहा शब्द म्हणायला लावले आणि थांबून विचारलं, की तुझा 'त' इतका चांगला कसा? अमेरिकेत वाढलेल्या मुलांना म्हणे यातच महिने जातात. त्यांचा त इंग्रजीसारखा टाळूकडे जातो, आणि प-क मधून हवा सुटते. आपल्याकडे त-ट वेगळे, प-फ वेगळे, क-ख वेगळे, त्यामुळे हे आपोआप जमतं. आणि ङ! क ख ग घ म्हटल्यावर सवयीने येणारा, 'वाङ्मय' सोडला तर पुन्हा न भेटणारा ङ तगालोगमध्ये शब्दाच्या सुरुवातीलाच येतो. 'ङायोन' म्हणजे आता. 'ङिपिन' म्हणजे दात. तो मला सुरुवातीला नीट यायचा नाही. शिक्षिकांनी 'अंगण' म्हणायला लावलं (हा शब्द मीच पुरवला), मग 'अं' हळूहळू कमी करत न्यायला सांगितलं. दोन आठवड्यांत जमलं.

मराठी येणाऱ्याला ही भाषा इंग्रजीतून शिकण्यापेक्षा मराठीतून शिकणं किती सोपं, हे मला चौथ्या महिन्यात उमगलं, आणि मला वाटतं या सगळ्या अनुभवात सांगण्यासारखं हेच सर्वात जास्त आहे. तगालोगचं क्रियापद वाक्यात कुणाला पुढे ठेवायचं त्यावर रूप बदलतं. 'बिली' हा खरेदीचा धातू. घेणाऱ्यावर भर असेल तर 'बुमिली', घेतलेल्या वस्तूवर असेल तर 'बिनिली', ज्याच्याकडून घेतलं त्याच्यावर असेल तर 'बिनिल्हान', ज्याच्यासाठी घेतलं त्याच्यावर असेल तर 'इबिनिली'. इंग्रजीतून वाढलेल्या मुलांचं इथे डोकं दुखतं. मला शाळेतले प्रयोग आठवले. 'मी आंबा खाते' आणि 'मी आंबा खाल्ला, चिंच खाल्ली' यात क्रियापद कुणामागे जातं हे आपण रोज बोलताना बदलतोच. तंतोतंत तेच नाही, पण मन त्या वळणाला सरावलेलं असतं.

वाक्यात मधेच टाकायचे छोटे शब्दही तसेच. 'दाव' म्हणजे आपलं 'म्हणे'. "येणारे म्हणे" मधलं ते ऐकीव 'म्हणे' इंग्रजीत सांगायला अर्धं वाक्य लागतं, तगालोगला एक अक्षर पुरतं. 'याता' म्हणजे 'वाटतं'. 'ङा' बराचसा आपल्या 'च' सारखा. वडीलधाऱ्यांशी 'पो' लावायचं, होकार 'ओपो', आणि एकालाच अनेकवचनी 'कायो' म्हणायचं, आपल्या 'तुम्ही'सारखं. भेटल्यावर पहिला प्रश्न 'कुमाइन का ना?', म्हणजे जेवलीस का.

शब्दांचं नातं तर अंगावर काटा आणतं. 'गुरो' शिक्षक, 'मुखा' चेहरा, 'दिवाता' वनदेवता, 'बुधी' सदसद्विवेक. लागुना प्रांतात १९८९ मध्ये वाळू काढताना एक ताम्रपट सापडला, तो आता मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. भाषा मुख्यतः जुनी मलय, पण तारीख अशी: शके ८२२, वैशाख महिना, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. गुहागरची आजी भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून सांगायची तशीच तारीख. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

गुहागरच्या आजीचं नाव निघालंच आहे तर एक सांगते. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण परसात बिंबलाचं झाड होतं. आईच्या गावी त्याला 'कामियास' म्हणतात आणि सिनिगांग नावाच्या आंबट रश्शात घालतात. आजी ते वाळवून माशाच्या कालवणात घालायची. पहिल्या पावसाळ्यात आई झाडाखाली उभी राहून फळ हातात घेऊन रडली होती, असं आत्या सांगते. शेवग्याचा पालाही आईनेच त्या घरात आणला, तिच्याकडे तो 'मालुंगाय'.

आता जिथे मी अडले ते. जानेवारीत मी शिक्षिकांना सहज विचारलं, की माबानास हा शब्द कुठेच का शिकवत नाहीत? त्या हसल्या आणि त्यांनी लगेच विचारलं, "आई बातांगासची का?" मी तोवर त्यांना गाव सांगितलंच नव्हतं. एका शब्दावरून त्यांना प्रांत कळला. मग त्यांनी समजावलं की अ‍ॅप, पुस्तकं आणि त्या स्वतः शिकवतात ती मनिलाची तगालोग. बातांगासला प्रश्नाचा 'बा' नसतो, 'गा' असतो. आणि 'कुमाकाइन' ऐवजी 'नाकाइन' म्हणतात. मनिलाच्या कानाला 'नाकाइन' म्हणजे 'खाल्ला गेला'. म्हणून बातांगासच्या माणसाने "नाकाइन का गा नांग पातिंग?", म्हणजे तू शार्क मासा खातोस का, असं विचारलं तर मनिलाच्या माणसाला ऐकू येतं, "तुला शार्कने खाल्लं का?" पुण्याच्या माणसाला मालवणी ऐकताना होतं तसंच. मला आठवलं, की मी घरी आईपुढे माझे धडे म्हणायचे तेव्हा ती नुसती मान हलवायची. तिला वाटत होतं मी शिकतेय ती शुद्ध आणि तिची गावंढळ. सात महिने मी तिच्यासाठी शिकत होते आणि तिला पुन्हा तसंच वाटायला लावत होते, जसं चाळीत वाटलं होतं.

त्या शनिवारनंतर अभ्यासाची पद्धत बदलली. शिक्षिकांकडे क्रियापदाचा सांगाडा शिकायचा आणि आठवडाभर आईला विचारायचं, तुमच्याकडे हे कसं म्हणतात? तिची उत्तरं फोनवर रेकॉर्ड करते. मोठ्या कोशात काही शब्द सापडतात, काही नाहीत. ज्यांचे आईवडील मनिलाबाहेरचे आहेत त्यांनी हे पहिल्या महिन्यापासून करावं. आणि ज्यांच्या घरी मुळात इलोकानो किंवा सेबुआनो बोलतात, त्यांनी तगालोगला पैसे भरण्याआधी नीट विचार करावा. १९३७ मध्ये राष्ट्रभाषेचा पाया म्हणून तगालोग घेतली आणि १९८७ च्या घटनेत तिचं नाव 'फिलिपिनो' झालं, म्हणून ती देशभर समजते. पण आजीच्या स्वयंपाकघरातली भाषा दुसरीच असू शकते.

गप्पांच्या वर्गातून भाषा फार मिळाली नाही, पण तो मी सोडणार नाही. कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीची एक, मिलानचा एक, जेद्दाहची एक. तिघांनाही बरंचसं कळतं, बोलता येत नाही, आणि तिघांनाही तोंड उघडलं की नातेवाईक हसतील ही धास्ती. परदेशी उच्चाराला तिकडे 'स्लँग' म्हणतात, तो शब्द प्रत्येकाने ऐकलेला. मी माझं सांगितलं. ठाण्यात मला 'चिनी' म्हणायचे, आणि चौदाव्या वर्षी लेमेरीला गेले तर गल्लीतली मुलं 'बुम्बाय' म्हणून ओरडली. तिकडे भारतीय माणसाला सरसकट बुम्बायच म्हणतात, शब्द आपल्या मुंबईवरूनच गेलेला. त्या वर्गात माझ्या चेहऱ्याबद्दल मला पहिल्यांदा कुणी काही समजावून सांगायला लावलं नाही.

फेब्रुवारीत लोलाशी एकटी बोलले, आई कामाला गेली होती. पाठ करून ठेवलेलं नीट विचारलं, सगळे 'पो' लावून, की तुमचं घर कसं आहे, छप्पर झालं का? 'बाहाय निन्यो' म्हणाले, तुमचं घर. लोला म्हणाली, "नातिन." मला वाटलं उच्चार चुकला, म्हणून पुन्हा 'निन्यो' म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, "बाहाय नातिन, आपो." तगालोगमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, अगदी मराठीसारखे: 'कामी' आणि 'तायो'. 'नामिन' म्हणजे आमचं. 'नातिन' म्हणजे आपलं. आपो म्हणजे नात.

नवव्या महिन्यात मी कुठे आहे? रोजच्या गोष्टी बोलता येतात, भूतकाळात गडबडते, फोनवर दोन जण एकदम बोलले तर धागा सुटतो. टीव्हीवरच्या मालिका निम्म्या कळतात. पुढच्या वर्षीही शिक्षिका चालू ठेवणार आहे, डिसेंबरची मनिलाची तिकिटं काढली आहेत, आम्ही दोघी जाणार. आईचं हे अकरा वर्षांनंतरचं जाणं.

परवा रविवारी ओट्याशी उभी राहून ती मासे साफ करत होती, पंखा बंद. मी विचारलं, "माबानास गा, इनाय?" तिने मान वर न करता एक लांबलचक वाक्य टाकलं, पूर्ण तिच्या गावचं. मला निम्मं कळलं. म्हटलं, पुन्हा सांग ना, हळू. तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि पुन्हा सांगितलं.