खुरपं निघालं फ्रान्सला

ठाण्यातल्या जांभळी नाक्याजवळचं शेतीअवजारांचं जुनं दुकान. लेकीने फ्रान्समधल्या खेड्यात घर घेतलंय. मागे गुडघाभर गवत आणि चिकणमाती. तिकडची अवजारं लांब दांड्याची, हिला बसून खुरपायची सवय (आजोळ जुन्नरचं!). दोन खुरपी घेतली. पाती दणकट, पण एकाची मूठ घरी येईपर्यंतच हलायला लागली. काकांनी कुरकुरत का होईना, बदलून दिली. मेथीचं बी मात्र "न्या हो, कोण बघतंय?" म्हणत गळ्यात मारत होते. नाही घेतलं. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून बियाणं न्यायलाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तसंही तिकडे मेच्या मध्यापर्यंत रोपं गोठायची भीती, टोमॅटोसुद्धा तोवर घरातच. खुरपी चेक-इन बॅगेतच टाका. दुकानात गूगल पे चालत नाही, सुटे न्या.