मायटोमायसिन की फाइव्ह-एफयू? काचबिंदूच्या शस्त्रक्रियेसोबतची औषधे

एरवी ऑपरेशननंतरची जखम कधी भरते याची आपण वाट पाहतो. काचबिंदूच्या ट्रॅबेक्युलेक्टॉमी या ऑपरेशनात मात्र ती पुरती भरली की पंचाईत. डोळ्यातले पाणी बाहेर झिरपावे म्हणून सर्जन पांढऱ्या भागात झाकणासारखी वाट करतात आणि शरीर ती बुजवायला धावते. वाट बुजली की डोळ्यातला दाब पुन्हा चढतो. हे बुजणे मंदावण्यासाठी दोन औषधे प्रामुख्याने वापरतात. दोन्ही मूळची कॅन्सरची, त्यामुळे कागदावर नाव वाचून घरचे घाबरतात. इथे ती फक्त डोळ्यापुरती आणि अगदी थोडी वापरली जातात.

फाइव्ह-एफयू (फ्लुरोयुरासिल) सौम्य. विभागणीच्या तयारीत असलेल्या पेशींनाच ते प्रामुख्याने अडवते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, आधी ऑपरेशन झालेल्या अवघड डोळ्यांमध्ये, पाच वर्षांत या औषधाशिवाय 74 टक्के शस्त्रक्रिया फसल्या. औषध दिलेल्या गटात 51 टक्के. फरक मोठा, पण त्यासाठी दोन आठवडे रोज इंजेक्शने घ्यावी लागली आणि बुबुळावरचा थर सोलवटण्याचा त्रास झाला. आता ऑपरेशनच्या वेळीच त्यात भिजवलेला स्पंज साधारण पाच मिनिटे ठेवतात. पुढे वाट आवळताना दिसली तर लागेल तसे इंजेक्शन देता येते. नंतर मात्रा जुळवून घेण्याची ही सोय मला या औषधाची खरी जमेची बाजू वाटते.

मायटोमायसिन-सी जास्त जोरकस. पेशी कोणत्याही टप्प्यात असो, ते तिच्या डीएनएवर घाव घालते. म्हणून एका मिलिलिटरला 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम एवढे पातळ द्रावण एक ते तीन मिनिटे पुरते. काही सर्जन स्पंजऐवजी इंजेक्शन देतात. दाब सहसा जास्त उतरतो आणि आज बहुतेकांची पहिली पसंती हीच. मात्र पाणी साठणारा फुगवटा, म्हणजे ब्लेब, फिका आणि कागदासारखा पातळ होऊ शकतो. तो वर्षांनंतरही गळू शकतो, त्यातून जंतुसंसर्ग आत शिरू शकतो. दाब प्रमाणाबाहेर उतरला तर डोळ्याच्या मागच्या पडद्याला (रेटिनाला) सुरकुत्या पडून नजर धूसर होते. तरुण आणि जास्त मायनस नंबर असलेल्यांना हा धोका अधिक.

नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे बेव्हॅसिझुमॅबही वापरून पाहिले गेले आहे, पण त्याने मायटोमायसिनची जागा घेतलेली नाही. स्टिरॉइडचे थेंब या तुलनेत धरूच नयेत. कोणतेही औषध निवडले तरी ते सहसा असतातच.

आधीचे ऑपरेशन फसले असेल, डोळ्यात सूज येण्याचा जुना आजार असेल किंवा डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या उगवल्या असतील, तर मायटोमायसिनकडे झुकावे. वय जास्त, पहिलेच ऑपरेशन आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा नाजूक असेल, तर कमी मात्रेतले मायटोमायसिन किंवा फाइव्ह-एफयू पुरेसे ठरू शकते. गरोदरपणात दोन्ही टाळतात, तेव्हा तशी शक्यता असेल तर आधीच सांगा. नुसते नाव विचारून भागत नाही. किती तीव्रतेचे आणि किती मिनिटे, हेही डॉक्टरांना विचारा. एकाच औषधाचे निकाल त्यावर बदलतात.

मायटोमायसिन घेतलेला डोळा पाच वर्षांनी लाल झाला, दुखला, चिकट स्राव आला किंवा अंधूक दिसू लागले, तरी घरचे थेंब टाकून रात्र काढू नका. त्याच दिवशी दाखवा.