कब्रेरा खरोखरच संपला होता का? ‘बेसबॉल सॅव्हंट’ या संकेतस्थळाचे परीक्षण

डेट्रॉइटच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला बेसबॉलबद्दल काहीच मत नसेल तर चालत नाही, आणि २०१७ ते २०२३ या काळात तर येथल्या टायगर्स संघाच्या मिगेल कब्रेरा या फलंदाजाबद्दल मत असावेच लागे. आमच्या कार्यालयात दुपारच्या डब्याच्या वेळी त्या वर्षांत ‘हा मोठा फलंदाज आता संपला का?’ असा जो वाद रंगत असे, तो मला अपरिचित नव्हता. सचिनचे नव्याण्णवावे शतक मार्च २०११ मध्ये नागपुरात झाले आणि शंभरावे मार्च २०१२ मध्ये मीरपूरला, आणि मधल्या वर्षभरात आपल्या घराघरांत जे बोलले गेले तेच येथे इंग्रजीत ऐकू येत होते. एका बाजूला जुन्या कर्तृत्वाची आठवण काढणारे आणि दुसऱ्या बाजूला आजच्या धावफलकाकडे बोट दाखवणारे. फरक एवढाच, की येथे प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर एकच पान उघडलेले असे, आणि दोन्ही पक्ष त्याच पानाचा आधार घेऊन एकमेकांना खोटे पाडत असत. ते पान ‘बेसबॉल सॅव्हंट’चे. मी ते गेली आठ वर्षे नियमित वापरत आहे. वय झालेल्या मोठ्या खेळाडूबद्दलचा वाद सोडवायला ते कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे.

नावाविषयी आधी सांगतो, कारण ते मराठी माणसाच्या नजरेतून सुटत नाही. दोन वर्षांपूर्वी वडील येथे आले होते. माझ्या पडद्यावरचे इंग्रजी नाव वाचून त्यांनी विचारले, “अरे, हा सावंत कोण? वाडीचा का?” तेव्हापासून आमच्या घरी या संकेतस्थळाला सावंतच म्हणतात.

हे संकेतस्थळ मेजर लीग बेसबॉलचे स्वतःचे असून ते विनामूल्य आहे आणि खाते न उघडताही वापरता येते. २०१५ पासून लीगच्या सर्व तीस मैदानांवर ‘स्टॅटकास्ट’ ही मोजणीची यंत्रणा बसवलेली आहे, आणि तिची बहुतेक मापे येथे वाचकांसाठी खुली केलेली असतात. २०२० पासून या मोजणीमागे ‘हॉक-आय’चे कॅमेरे आहेत, म्हणजे क्रिकेटमध्ये पायचीतच्या निर्णयासाठी चेंडूचा पुढचा मार्ग दाखवणारे तेच तंत्र. बॅटवरून चेंडू ताशी किती मैल वेगाने सुटला, किती अंशांच्या कोनात उडाला, धावणाऱ्याने आपल्या सर्वांत वेगवान एका सेकंदात किती फूट अंतर कापले, हे सगळे येथे सापडते. २०२३ च्या उत्तरार्धापासून तर खुद्द बॅट किती वेगाने फिरली, हेही कळते.

कोणत्याही खेळाडूचे पान उघडले की रंगीत पट्ट्यांची एक उतरंड समोर येते. प्रत्येक पट्टीवर एक वर्तुळ असते आणि त्यात एक ते शंभरपर्यंतचा आकडा असतो. हा आकडा म्हणजे पर्सेंटाइल. सीईटीच्या निकालाची वाट पाहिलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. वर्तुळ जितके गडद लाल तितका खेळाडू त्या गुणात इतरांच्या पुढे, आणि जितके गडद निळे तितका मागे. पानावरचे वर्ष बदलत गेले की पट्ट्या एकामागून एक लालाच्या निळ्या होताना दिसतात. एखाद्या माणसाचे वय होताना इतक्या उघडपणे, तेही रंगांत, दुसरीकडे कोठे पाहायला मिळत असेल असे मला वाटत नाही. पहिल्यांदा ते पाहताना थोडे संकोचल्यासारखे होते.

शरीराच्या उताराबाबत हे संकेतस्थळ अत्यंत प्रामाणिक आहे. धावण्याच्या वेगाचेच उदाहरण घ्या. लीगमधली सरासरी सेकंदाला २७ फूट आहे आणि ३० फूट म्हणजे असामान्य वेग. आधी सेंट लुईस आणि २०१२ पासून एंजल्स या संघाकडून खेळलेला फलंदाज आल्बर्ट पुहोल्स याचे नाव कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांत या यादीच्या अगदी तळाशी, २२ फुटांच्या आसपास सापडत असे. खेळाडूचे वय याच तक्त्यात वेगाच्या शेजारी दिलेले असते, त्यामुळे यादी वरून खाली वाचत गेले तरी पाय बॅटच्या आधी म्हातारे होतात हे कोणाच्याही लक्षात यावे. पुहोल्स घरच्या बेसवरून पहिल्या बेसपर्यंतचे ९० फूट कसे कापत असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आकड्याची गरज नव्हती. तरीही ‘तो मुद्दाम रमतगमत धावतो’ असे म्हणणाऱ्यांची तोंडे या आकड्याने बंद केली, हे मान्य करावे लागेल.

अडचण सुरू होते ती ‘अपेक्षित’ आकड्यांपासून, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण आमच्या टेबलावरची निम्मी भांडणे याच आकड्यांवरून झाली.

पद्धत अशी आहे. फटक्याचा वेग आणि कोन घ्यायचा, तसल्या फटक्यांचे पूर्वी काय झाले ते पाहायचे, आणि त्यावरून या फलंदाजाला किती यश मिळायला हवे होते ते काढायचे. प्रत्यक्ष यश त्याहून कमी असेल तर फलंदाजाचे नशीब वाईट होते, असा निष्कर्ष निघतो. निदान चाहते तो तसा काढतात. कब्रेराने २०१६ मध्ये .३१६ च्या सरासरीने (म्हणजे हजार संधींत ३१६ यशस्वी फटके) ३८ होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडचे फटके, मारले होते. २०१७ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, सरासरी .२४९ वर घसरली आणि होमरन १६ वर आले. परंतु सावंतांच्या पानावर त्याचे चेंडू अजूनही कडाडून सुटत होते आणि अपेक्षित आकडे प्रत्यक्ष आकड्यांच्या बरेच वर होते. ‘हा दुर्दैवाचा फेरा आहे, पुढच्या वर्षी पाहा’, असे मीच किती वेळा म्हटले असेन. माझ्या समोर बसणारे सहकारी चाळीस वर्षे टायगर्सचे सामने पाहत आले आहेत. आकड्यांशी त्यांचे फारसे जमत नाही. ते फक्त एवढेच म्हणत, की कब्रेराची कंबर पूर्वीसारखी वळत नाही.

हंगाम संपता संपता कळले, की त्याच्या पाठीच्या दोन चकत्या सरकलेल्या होत्या. २०१८ च्या जूनमध्ये दंडाच्या स्नायूचा कंडरा तुटला आणि त्याचे वर्ष ३८ सामन्यांत आटोपले. २०१९ मध्ये सरासरी .२८२ पर्यंत सावरली खरी, पण होमरन अवघे १२. गेलेला जोर परत आला नाही. सहकाऱ्यांशी लावलेली पैज मी हरलो, आणि त्यांना कॉफी पाजावी लागली.

त्या आकड्यांनी माझी फसगत का केली, हे मला नंतर उमगले. यात संकेतस्थळाची लबाडी नाही, कारण आकडा कशापासून बनतो ते तेथे स्पष्ट लिहिलेले आहे आणि ते न वाचणे हा आपला दोष आहे. अपेक्षित यश काढताना चेंडू मैदानाच्या कोणत्या दिशेला गेला याचा विचार केला जात नाही. डाव्या कुंपणाजवळून बाहेर जाणारा फटका आणि मधोमध उंच उडालेला तितकाच जोरदार फटका हे या हिशेबात सारखेच. कोमेरिका पार्कचे, म्हणजे टायगर्सच्या घरच्या मैदानाचे, मधले कुंपण त्या काळात सुमारे ४२० फुटांवर होते. ते दहा फूट आत आणले गेले ते थेट २०२३ च्या हंगामाआधी, म्हणजे कब्रेराच्या शेवटच्या वर्षी. ज्या फलंदाजाची पाठ धरली आहे त्याला चेंडू आपल्या बाजूला ओढून मारणे जड जाते. तो मधोमध किंवा उजवीकडे मारतो, आणि तिकडे उडालेले चेंडू शांतपणे झेलले जातात. दुसरे असे, की धावण्याचा वेग या हिशेबात फक्त मंद, जमिनीलगतच्या फटक्यांपुरता धरतात. पण फलंदाज संथ आहे हे माहीत असले की क्षेत्ररक्षक चार पावले मागे उभे राहतात आणि जोरदार फटकेही अडवतात. म्हणजे ज्याला आपण नशीब म्हणत होतो त्यातला बराचसा भाग वयाचाच होता, आणि तो बेमालूमपणे दुसऱ्या खात्यावर मांडला गेला होता. पंचविशीच्या खेळाडूबद्दल ‘दुर्दैवी’ हा निष्कर्ष मी आजही मानतो. पस्तिशीच्या पुढच्या खेळाडूच्या बाबतीत मी तो आकडा पाहतो, आणि मग त्याच पानावर मिळणाऱ्या चित्रफितींतून दोन-चार फटक्यांत त्याची कंबर कशी वळते ते बघतो.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे, आणि ती दूर होण्यासारखीही नाही. ही मापे २०१५ पासूनची आहेत. कब्रेराने फलंदाजीचा तिहेरी मुकुट, म्हणजे सरासरी, होमरन आणि आरबीआय (आपल्या फटक्यांवर संघाच्या झालेल्या धावा) या तिन्हींत पहिला क्रमांक, मिळवला तो २०१२ मध्ये. .३३० ची सरासरी, ४४ होमरन आणि १३९ आरबीआय ही कामगिरी लीगमध्ये १९६७ नंतर प्रथमच झाली होती. पुहोल्सची सेंट लुईसमधली पहिली अकरा वर्षे, ज्यांत त्याने ४४५ होमरन मारले, ती २०११ मध्येच संपली. सावंतांच्या दप्तरात यांपैकी एकाही फटक्याचा वेग नाही. त्यामुळे आज पंधरा वर्षांचा मुलगा पुहोल्सचे पान उघडतो तेव्हा त्याला दिसतो तो फक्त उताराचा काळ. वयामुळे नेमके किती गमावले हे ठरवायला मुळात किती होते ते ठाऊक असावे लागते, आणि या दोघांच्या बाबतीत ते या पानावर कधीच दिसणार नाही. त्यासाठी शेजारच्या खिडकीत ‘बेसबॉल रेफरन्स’ हे जुन्या आकडेवारीचे संकेतस्थळ उघडून ठेवणे भाग आहे.

बेसबॉल रेफरन्सचा आणखी एक उपयोग पुहोल्सच्याच २०१७ च्या वर्षात दिसतो. त्या वर्षी जूनमध्ये त्याने सहाशेवा होमरन मारला आणि हंगामाअखेर १०१ आरबीआय जमवले. मात्र संघाला सहज मिळणाऱ्या सामान्य बदली खेळाडूच्या तुलनेत किती विजय मिळवून दिले हे मोजणारा आकडा त्याच वर्षी शून्याच्या खाली होता. शंभरावर आरबीआय करणारा माणूस संघाला तोट्यात कसा टाकतो, यावर कॅलिफोर्नियातल्या माझ्या मेहुण्याने माझ्याशी फोनवर तासभर वाद घातला आहे. उत्तर फारसे गूढ नव्हते. त्याच्या आधी फलंदाजीला एंजल्सचाच नामांकित फलंदाज माइक ट्राउट येत असे, आणि तो सतत कोणत्या तरी बेसवर उभा असे, म्हणून पुहोल्सच्या साध्या फटक्यावरही धाव होत असे.

ट्राउटच्या बाबतीत सावंतांची तिसरी मर्यादा लक्षात येते, ती थोडक्यात सांगतो. जो सामना खेळलाच नाही तो या पट्ट्यांवर उमटत नाही. २०२१ मध्ये ट्राउट ३६ सामने खेळला आणि २०२४ मध्ये २९. जो काही काळ तो मैदानात होता तेवढ्यात फटक्यांना जोर होता, आणि त्यावरून ‘तो अजून तोच आहे’ असे म्हणणारे आजही भेटतात. पोटरी, पाठ, मनगट आणि गुडघा या क्रमाने झालेल्या दुखापती हेही वयाचेच एक माप आहे, पण त्याला येथे रंग नाही. ४२६.५ दशलक्ष डॉलरचा करार केलेल्या संघाला मात्र ते माप रोज मोजावे लागते.

पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, बाबतीत माझे समाधान अधिक आहे. जस्टिन व्हरलँडर २०२५ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, पहिल्या सोळा सामन्यांत एकही विजय मिळवू शकला नाही, आणि ‘आता पुरे’ म्हणणारे डेट्रॉइटमध्येही कमी नव्हते, कारण त्याची कारकीर्द इथेच सुरू झाली. पण पानावर त्याच्या वेगवान चेंडूची सरासरी अजून ताशी ९४ मैलांच्या आसपास दिसत होती. हंगाम संपला तेव्हा त्याचा ईआरए (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितके चांगले) ३.८५ होता, म्हणजे आधीच्या वर्षीच्या ५.४८ पेक्षा पुष्कळ चांगला. पिचरचा हात किती थकला आहे हे चेंडूच्या वेगातून थेट कळते, मधे नशिबाला फारशी जागा राहत नाही.

आणि तरीही पुहोल्सच्या २०२२ चे काय करायचे? मे २०२१ मध्ये एंजल्सने त्याला सोडून दिले होते. पुढच्या वर्षी, बेचाळिसाव्या वर्षी, तो सेंट लुईसला परतला. जुलैच्या मध्यावर त्याचे होमरन होते सहा. उरलेल्या अडीच महिन्यांत त्याने अठरा मारले, त्यांत २३ सप्टेंबरच्या एका रात्री लॉस एंजेलिसमध्ये ६९९ वा आणि ७०० वा. मी त्या हंगामाचे पान पुनःपुन्हा उघडले आहे. धावण्याची पट्टी तळापर्यंत निळी आहे. जुलैत बसून त्या पट्ट्या वाचणाऱ्या कोणालाही सप्टेंबर दिसला नसता, मला तर नक्कीच नाही.

ज्यांना वादात उतरायचे आहे त्यांनी हे संकेतस्थळ जरूर वापरावे. एवढी बारीक माहिती फुकट मिळते ही साधी गोष्ट नाही. नवख्याने रंगीत पट्ट्यांपासून सुरुवात करण्याऐवजी धावण्याच्या वेगाचा तक्ता आधी पाहावा, मग वर्षावर्षांचे आलेख, आणि अपेक्षित आकडे सर्वांत शेवटी. पाचपैकी मी चार तारे देईन. कब्रेराच्या निवृत्तीनंतर आमच्या टेबलावर सध्या शांतता आहे, पण सहकाऱ्यांनी परवाच ट्राउटचा विषय काढला, आणि कॉफी कोणी पाजायची हे अजून ठरायचे आहे.