पीकी ब्लाइंडर्स की कॉल द मिडवाइफ, आधी कुठली बघायची?

दोन्ही बीबीसीच्या सिरीज, दोन्ही महायुद्धानंतरच्या (पीकी पहिल्या, मिडवाइफ दुसऱ्या) कामगार वस्तीतल्या, पण एकीचा दुसरीशी काडीचाही संबंध नाही. एकच बघायला वेळ असेल तर माझं मत कॉल द मिडवाइफला. आता हाणामारी हवी असणारे चिडतील, चिडू देत.

पीकी म्हणजे शेल्बी घराण्याच्या टोळीची गोष्ट, सुरू होते १९१९ च्या बर्मिंगहॅममध्ये. पोरं फ्रान्सहून परत आलीत पण डोक्यातून युद्ध काही जात नाही. टॉमी शेल्बी (किलियन मर्फी) तिकडे बोगदे खणायचा, आता रात्री आडवा झाला की भिंतीपलीकडून खणल्याचे आवाज येतात आणि मग अफूचा पाइप पेटतो. त्याचा युद्धातला सोबती डॅनी तर भरवस्तीत बिथरतो, त्याला वाटतं अजून लढाईतच आहोत. हे सगळं पहिल्या सीझनमध्ये फार जबरदस्त आहे, शिवाय कारखान्यातला संप, कम्युनिस्ट फ्रेडी, गल्लीतला बेकायदा सट्टा. पण पुढे शेल्बी मंडळी बंगल्यात जातात, टॉमी खासदार होतो आणि कामगार वस्ती मागे पडते, उरतात ते भारी कोट आणि स्लो मोशन.

मिडवाइफ वस्ती सोडतच नाही. १९५७, लंडनच्या ईस्ट एंडमधलं पॉपलर, गोदीकामगारांची घरं, आणि नन्ससोबत राहणाऱ्या नर्सेस सायकलवरून बाळंतपणं करायला घरोघरी जातात. १९४८ ला एनएचएस, म्हणजे सरकारी मोफत आरोग्यसेवा, आलेलं, त्यामुळे बाईला पैसे मोजावे लागत नाहीत, हे सिरीज भाषण न ठोकता दाखवते. नर्स लाकडी नळकांडं पोटावर टेकवून त्याला कान लावते आणि बाळाचे ठोके ऐकते, त्या दोन मिनिटांत खोली, नवरा, शेजारीण, गरिबी सगळं कळतं. पहिल्याच एपिसोडला २४ पोरांची आई पुन्हा गरोदर. जेनिफर वर्थच्या आठवणींवरून हायडी थॉमसने लिहिलंय, म्हणून मालमसाला कमी वाटतो.

गोड गोड असेल असं समजू नका हं. पाचव्या सीझनमध्ये थॅलिडोमाइड येतं, म्हणजे गरोदरपणातल्या मळमळीवरची ती गोळी जिच्यामुळे बाळं व्यंग घेऊन जन्मली, आणि ती लिहून देणारे वस्तीतले आपले लाडके डॉक्टर टर्नरच. मला तरी पीकीतल्या कुठल्याही गोळीबारापेक्षा ते जास्त लागलं. मात्र ख्रिसमस स्पेशलमध्ये कधीकधी साखर जास्त होते, हे खरंय.

आता प्रॅक्टिकल. पीकी ६ सीझन, ३६ एपिसोड, संपलेली. बोली इतकी जड की सबटायटल लावाच, आणि आईबाबांसोबत अजिबात नको. मिडवाइफ २०१२ पासूनची, दहाच्या वर सीझन, पण जवळपास प्रत्येक एपिसोडला नवी केस असते त्यामुळे मध्येच सोडली तरी चालतं, आईसोबत तर नक्की बघा. घरात कोणी गरोदर असेल तर मात्र थोडं थांबा, प्रसूतीचे सीन बरेच खरे वाटतात. आणि पीकी बघायचीच असेल तर पहिला सीझन बघून घ्या, त्यापुढचं तुमच्या वेळेनुसार.